गुडघ्याचा सांधेबदल : स्वरूप, मर्यादा आणि निर्णय

गुडघा हा मानवी शरीरातील सर्वांत मोठा सांधा होय. उभे राहणे, चालणे, जिना चढणे, जमिनीवर बसणे आणि तेथून उठणे या साऱ्या क्रिया त्याच्यावर अवलंबून असतात. परंतु तो निकोप असेपर्यंत त्याची आठवण सहसा कोणाला होत नाही. तो सतत दुखू लागला म्हणजे मात्र माणसाचे जग हळूहळू आकुंचन पावते. प्रथम देवळापर्यंतची किंवा मशिदीपर्यंतची फेरी सुटते, मग बाजार सुटतो, मग जिना. आणि शेवटी घरातल्या घरात न्हाणीघरापर्यंत जाणेही भिंतीच्या आधाराने होऊ लागते. या अवस्थेला पोचलेल्या रुग्णांसाठी गेल्या सुमारे पन्नास वर्षांत एक शस्त्रक्रिया विकसित होऊन स्थिरावली आहे. तिला गुडघ्याचा संपूर्ण सांधेबदल असे म्हणतात. बोलण्यात मात्र ‘गुडघा बदलणे’ हाच शब्दप्रयोग रूढ झाला आहे.

हा शब्दप्रयोग सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे. या शस्त्रक्रियेत संपूर्ण गुडघा काढून त्या जागी दुसरा बसविला जात नाही. हाडांची जी टोके एकमेकांवर घासत असतात त्यांचा पातळ थर कापून काढला जातो आणि त्यावर धातू व प्लॅस्टिक यांचे आवरण चढविले जाते. स्नायू, कंडरा, बहुतेक अस्थिबंध, मज्जातंतू आणि त्वचा रुग्णाची पूर्वीचीच राहतात. या शस्त्रक्रियेने काय मिळते, काय मिळत नाही, ती केव्हा करावी आणि तिच्यानंतर रुग्णाला स्वतः काय करावे लागते, या सर्व प्रश्नांचा उलगडा ही एक गोष्ट ध्यानात घेतल्याने पुष्कळसा होतो.

सांध्याची रचना

गुडघ्यात तीन हाडे एकत्र येतात : वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड आणि पुढच्या बाजूस गुडघ्याची वाटी. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला दोन गोलाकार उंचवटे असतात. ते नडगीच्या हाडाच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेले असतात. गोल वस्तू सपाट पृष्ठभागावर ठेवली तर ती स्थिर राहत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी या दोहोंमध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चिवट गाद्या असतात. त्या भार विभागतात व धक्का शोषून घेतात. सांध्याच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि आत परस्परांना छेदून जाणारे दोन असे चार बळकट अस्थिबंध हाडांना एकमेकांशी जखडून ठेवतात.

हाडांच्या टोकांवर काही मिलिमीटर जाडीचा, पांढरा व अतिशय गुळगुळीत असा कूर्चेचा थर असतो. त्याच्या वजनाचा बराच मोठा भाग पाण्याचा असतो. सांध्यावर भार पडला की हे पाणी थोडे बाहेर दाबले जाते आणि भार हलका झाला की पुन्हा आत ओढले जाते. सांध्याच्या पिशवीला आतून अस्तरासारखे असणारे आवरण एक चिकट द्रव स्रवते. तो वंगणाचे काम करतो आणि कूर्चेला पोषणही पुरवितो.

बिजागरीप्रमाणे गुडघा केवळ मिटतो व उघडतो असा एक समज आहे. वस्तुतः तो वाकत असताना मांडीचे हाड नडगीच्या हाडावर गडगडते, घसरते आणि किंचित फिरतेही. सपाट जमिनीवर चालताना पाऊल पुढे टाकण्यासाठी गुडघा सुमारे साठ अंश वाकावा लागतो. जिना चढण्या-उतरण्यासाठी नव्वद अंशांच्या आसपास. आणि उकिडवे बसण्यासाठी एकशे तीस अंशांहून अधिक. चालताना गुडघ्यावर पडणारा भार शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट असतो, व जिना उतरताना तो याहूनही वाढतो. कारण उघड आहे. सांधा स्थिर ठेवण्यासाठी स्नायू जो जोर लावतात, त्याचा दाबही शेवटी सांध्यावरच पडतो.

झीज कशी होते

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे त्वचा किंवा हाड ज्या प्रकारे भरून येते त्या प्रकारे ती भरून येत नाही. विल्यम हंटर या शल्यविशारदाने १७४३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या निबंधात, एकदा नष्ट झालेली कूर्चा पूर्ववत होत नाही, असे नमूद केले होते. त्यानंतरच्या पावणेतीनशे वर्षांत वैद्यकाने पुष्कळ प्रगती केली असली, तरी झिजलेल्या गुडघ्यातील सारी कूर्चा पुन्हा उगवू शकेल असे औषध अद्याप हाती आलेले नाही.

कूर्चेत मज्जातंतूही नसतात. म्हणूनच झीज सुरू झाल्याचे रुग्णाला पुष्कळ काळ कळत नाही. थर पातळ होत जातो, त्याला भेगा पडतात, त्याचे कण सुटून सांध्याच्या आवरणाला चेतवितात आणि गुडघा सुजतो. पुढे हाड उघडे पडते व हाडावर हाड घासू लागते. शरीर आपल्या परीने भार विभागू पाहते. त्यामुळे हाडाच्या कडांना काट्यांसारखी वाढ होते. गुडघ्याच्या आतल्या बाजूची कूर्चा अधिक झिजली म्हणजे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकतात. भारतातील वृद्ध रुग्णांत ही विकृती विशेषेकरून आढळते. एकदा पाय वाकला की आतल्या बाजूवर भार अधिक पडतो व झीज वेगाने होते. झीज झाली की पाय आणखी वाकतो. असे हे दुष्टचक्र असते.

वाढते वय, लठ्ठपणा, आनुवंशिकता, पूर्वी झालेली दुखापत आणि वर्षानुवर्षांचे जड कष्ट ही या झिजेची मुख्य कारणे होत. वृद्धांमध्ये, आणि त्यातही स्त्रियांमध्ये, हा विकार अधिक असतो. आमवाताचा प्रकार निराळा आहे. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्याच्या आवरणावर हल्ला करते, एकाच वेळी अनेक सांधे सुजतात आणि रुग्ण तरुणही असू शकतो. या विकारावर आता प्रभावी औषधे उपलब्ध असल्यामुळे, ती वेळेवर सुरू झाल्यास सांध्यांचा नाश बऱ्याच अंशी टळतो. म्हणून गुडघा का दुखतो याचे निदान आधी होणे अगत्याचे आहे.

शस्त्रक्रियेची कुळकथा

कृत्रिम गुडघा बसविण्याची कल्पना जुनी आहे. १८९० मध्ये बर्लिन येथे थेमिस्टोक्लीज ग्लूक या शल्यविशारदाने क्षयाने नासलेल्या गुडघ्यांत हस्तिदंती बिजागरी बसविली. आरंभी परिणाम आशादायक वाटले. परंतु जंतुसंसर्गापुढे ते टिकले नाहीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर पुन्हा प्रयत्न सुरू झाले. स्वीडनमधील बर्ये वाल्डियस यांनी १९५१ मध्ये बिजागरीच्या तत्त्वावर चालणारा कृत्रिम गुडघा योजला. परंतु बिजागरी एकाच आसाभोवती फिरते आणि गुडघा तसा फिरत नाही. निसर्गाची ही सूक्ष्म हालचाल बिजागरीने अडविली गेल्यामुळे सारा ताण तिच्या हाडात रोवलेल्या दांड्यांवर पडे व कालांतराने त्या सैल होत.

खरी वाट दाखविली ती खुब्याच्या शस्त्रक्रियेने. इंग्लंडमधील राइटिंग्टन येथील रुग्णालयात जॉन चार्नली यांनी धातूचा गोल व प्लॅस्टिकची वाटी अशी जोडी वापरून कमी घर्षणाचा खुबा तयार केला. त्यांनी प्रथम वापरलेले टेफ्लॉन लवकर झिजले व झिजलेल्या कणांनी आजूबाजूच्या ऊतींना इजा केली. त्यानंतर १९६२ मध्ये त्यांनी दाट पॉलिएथिलीन वापरण्यास आरंभ केला आणि ते टिकले. हाड व कृत्रिम भाग यांच्या मधली जागा भरून काढणारे ॲक्रिलिक ‘सिमेंट’ही त्यांनीच प्रचारात आणले. याच रुग्णालयात काम करणाऱ्या फ्रँक गन्स्टन या कॅनेडियन शल्यविशारदाने हे तत्त्व गुडघ्याला लागू केले. त्यांनी बिजागरी वगळून हाडांच्या टोकांवर धातूच्या व प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसविल्या व रुग्णाचे स्वतःचे अस्थिबंध राखले. त्यांचा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला.

आजच्या शस्त्रक्रियेचा आदर्श ठरलेला नमुना न्यूयॉर्कमधील हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी या संस्थेत तयार झाला व १९७४ मध्ये प्रथम रुग्णांना बसविण्यात आला. जॉन इन्सॉल व चित्तरंजन रानावत हे शल्यविशारद आणि पीटर वॉकर हे अभियंता यांचा त्यात प्रमुख वाटा होता. यांपैकी रानावत यांचे वैद्यकीय शिक्षण इंदूर येथे झाले होते. पुढे भारताचे तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजव्या गुडघ्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांनीच शस्त्रक्रिया केली. देशभरच्या वृत्तपत्रांतून या शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध झाली, आणि तोवर फार थोड्यांना ठाऊक असलेला हा उपाय सामान्य घरांतील चर्चेचा विषय झाला.

आधीचे उपाय

गुडघा दुखतो म्हणून लगेच शस्त्रक्रियेचा विचार करण्याचे कारण नाही. सौम्य व मध्यम झिजेत पुष्कळ रुग्णांना साध्या उपायांनी बरे वाटते. त्यांत पहिले स्थान व्यायामाचे आहे. मांडीच्या पुढच्या बाजूचा मोठा स्नायू हा गुडघ्याचा आधारस्तंभ होय. दुखते म्हणून हालचाल टाळली की हा स्नायू रोडावतो आणि त्याचा भार सांध्यावर येतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करणे व काही क्षण तसाच धरून ठेवणे यासारखे साधे व्यायाम नियमाने केल्यास वेदना कमी होतात. दुसरा उपाय वजन कमी करण्याचा. वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो, असे संशोधनात दिसून आले आहे. विरुद्ध हातात काठी धरणे, पाणी भरणे व झाडलोट यांसारखी कामे शक्य तेथे उभ्याने करणे, यांचाही उपयोग होतो.

वेदनाशामक गोळ्या जपून घ्याव्या लागतात. वर्षानुवर्षे त्या घेतल्याने जठरात व्रण होणे, मूत्रपिंडे बिघडणे व रक्तदाब वाढणे संभवते. सांध्यात दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवड्यांचा आराम मिळतो, परंतु ते वारंवार देणे इष्ट नसते. ‘झिजलेली गादी पुन्हा भरून काढणारी’ म्हणून विकली जाणारी तेले व चूर्णे यांच्यापासून मात्र सावध राहिले पाहिजे. काही निनावी चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे; त्यामुळे मिळणारा झटपट आराम पुढे महाग पडतो.

दुर्बिणीतून गुडघा ‘धुऊन काढण्याची’ शस्त्रक्रिया एके काळी सर्रास होत असे. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर केलेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, काहींवर खरी शस्त्रक्रिया करण्यात आली व काहींना केवळ त्वचेवर छेद देण्यात आला. दोन वर्षांच्या काळात दोन्ही गटांच्या वेदनांत फरक आढळला नाही. झिजेच्या संधिवातासाठी हा उपाय आता योग्य मानला जात नाही.

निर्णय कशावरून घ्यावा

क्ष-किरण चित्रात हाडांमधील पोकळी नाहीशी झालेली दिसली म्हणजे शस्त्रक्रिया अटळ झाली, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. चित्र फार वाईट असूनही दिवसाकाठी मैलभर चालणारे रुग्ण असतात. उलट, चित्रातील झीज बेताची असताना ज्याला तीव्र वेदना होतात, त्याच्या वेदनेचे मूळ कदाचित खुब्यात किंवा पाठीच्या कण्यात असते. अशा रुग्णाचा गुडघा बदलला तर पदरी निराशाच येण्याचा संभव अधिक. म्हणून चित्र आणि रुग्णाचे जीवन या दोहोंची सांगड घालावी लागते.

सामान्यतः तीन गोष्टी एकत्र असाव्यात : सांध्याची तीव्र झीज क्ष-किरणात स्पष्ट दिसणे, वेदनेमुळे चालणे, झोप व रोजची कामे यांत गंभीर अडथळा येणे, आणि व्यायाम, वजन व औषधे यांचा प्रामाणिक प्रयोग काही महिने करूनही पुरेसा आराम न मिळणे. डेन्मार्कमधील १०० रुग्णांच्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांनी शस्त्रक्रिया व व्यायामादी उपचार दोन्ही घेतले त्यांचा आराम निश्चित मोठा होता. मात्र गंभीर उपद्रवही त्याच गटात अधिक होते. ज्यांना केवळ व्यायामादी उपचार दिले गेले त्यांपैकी सुमारे एक-चतुर्थांश रुग्णांनी वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली. उरलेल्यांनी त्या वर्षापुरती तरी ती टाळली. शस्त्रक्रिया अधिक गुणकारी आहे आणि तरीही प्रत्येकाला ती तत्काळ लागत नाही, हे दोन्ही निष्कर्ष सारखेच महत्त्वाचे आहेत.

घाईचा जसा तोटा आहे तसा अतिविलंबाचाही आहे. गुडघा कायमचा वाकलेल्या स्थितीत आखडला, स्नायू अगदी क्षीण झाले, हाडाची मोठी हानी झाली, म्हणजे शस्त्रक्रिया अवघड होते व फळही कमी मिळते. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्ण जितका चालता-फिरता असेल तितका तो नंतर अधिक चालता होतो, असा अनुभव आहे. ‘आता या वयात कशाला’ असे म्हणून घरातील वृद्धांना, विशेषतः स्त्रियांना, वर्षानुवर्षे खाटेला खिळवून ठेवणे हा म्हणूनच अन्याय ठरतो. केवळ वय हा अडथळा नव्हे. हृदय, फुप्फुसे व मूत्रपिंडे यांची स्थिती अधिक महत्त्वाची असते.

रुग्ण तरुण असेल आणि झीज एकाच बाजूला असेल, तर नडगीचे हाड कापून पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया सुचविली जाते. झीज एकाच कप्प्यापुरती असून अस्थिबंध शाबूत असतील, तर तेवढाच भाग बदलता येतो. संपूर्ण सांधेबदलापूर्वी हे पर्याय आपल्याला लागू आहेत काय, हे रुग्णाने अवश्य विचारावे.

शस्त्रक्रिया कशी होते

शस्त्रक्रियेपूर्वी रक्तातील साखर आटोक्यात आणली जाते, धूम्रपान थांबविले जाते, आणि दात, त्वचा किंवा अन्यत्र जंतुसंसर्ग असल्यास तो आधी बरा केला जातो. बहुधा पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला जातो. गुडघ्याच्या समोर उभा छेद घेऊन वाटी बाजूला सारतात. मग मांडीच्या हाडाचे खालचे टोक व नडगीच्या हाडाचा माथा, प्रत्येकी साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास, ठराविक कोनात कापला जातो. मांडीच्या हाडावर कोबाल्ट व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे वक्र आवरण बसते. नडगीच्या हाडावर धातूची तबकडी बसते. आणि दोहोंमध्ये पॉलिएथिलीनचा जाड तुकडा ठेवला जातो. तो झिजलेल्या कूर्चेचे काम करतो. वाटीच्या मागील बाजूसही काही वेळा प्लॅस्टिकची चकती बसवितात.

या शस्त्रक्रियेत हाड कापण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, कौशल्य तोल साधण्यात असते. पाय खुब्यापासून घोट्यापर्यंत योग्य रेषेत आला पाहिजे, आणि गुडघा सरळ असताना व वाकलेला असताना दोन्ही बाजूंचे अस्थिबंध सारखे ताणलेले असले पाहिजेत. वर्षानुवर्षे वाकलेल्या पायात एका बाजूचे बंध आखूड व दुसऱ्या बाजूचे सैल झालेले असतात. ते बदलता येत नसल्यामुळे जुळवून घ्यावे लागतात. संगणक व यांत्रिक हात यांच्या साहाय्याने हाड अधिक अचूक कापता येते. परंतु त्यामुळे रुग्णाला दीर्घकाळ अधिक लाभ होतो असे अद्याप निःसंशय सिद्ध झालेले नाही. यंत्राच्या जाहिरातीपेक्षा शल्यविशारदाचा व रुग्णालयाचा या शस्त्रक्रियेतील नित्याचा अनुभव पाहणे अधिक श्रेयस्कर होय.

दोन्ही गुडघे एकाच वेळी बदलण्याची प्रथा भारतात बरीच आहे. रुग्णालयातील वास्तव्य व खर्च एकदाच होतो ही तिची सोय. परंतु शरीरावरील ताण मोठा असतो. हृदयविकार असलेल्या किंवा अतिवृद्ध रुग्णाच्या बाबतीत दोन शस्त्रक्रियांत अंतर ठेवणे अधिक सुरक्षित असते.

शस्त्रक्रियेनंतर

त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी रुग्णाला वॉकरच्या आधाराने उभे केले जाते. याचे नातेवाइकांना आश्चर्य वाटते. परंतु लवकर उठण्याने पायातील शिरांत रक्त गोठण्याचा धोका कमी होतो व सांधा आखडत नाही. काही दिवसांत रुग्ण घरी जातो. सुमारे दोन आठवड्यांनी टाके काढले जातात. पुढे वॉकरच्या जागी काठी येते, आणि सहा आठवडे ते तीन महिन्यांत बहुतेकजण घरची व बाहेरची नित्याची कामे करू लागतात. सूज व उष्णपणा काही महिने राहू शकतो; छेदाच्या बाहेरील बाजूस त्वचेचा थोडा भाग बधिर राहतो. सुधारणा वर्षभर चालू असते.

या काळातील मुख्य औषध म्हणजे व्यायाम होय. गुडघा पूर्ण सरळ करणे आणि क्रमाक्रमाने अधिक वाकविणे, या दोन्हींसाठी पहिले सहा आठवडे फार मोलाचे असतात. येथे आरंभी सांगितलेली गोष्ट पुन्हा आठवावी. धातूचे आवरण हालचाल करीत नाही. हालचाल जुने स्नायूच करतात, आणि ते दुर्बळ राहिले तर उत्तम बसविलेला सांधाही निरुपयोगी ठरतो. आजाऱ्याला त्रास नको या मायेपोटी नातेवाईक त्याला बसवून ठेवतात, उशी गुडघ्याखाली देतात, हातातला पेलाही स्वतः नेऊन देतात. गुडघ्याखालची उशी सुखाची वाटली तरी तिच्यामुळे सांधा वाकलेल्या स्थितीत आखडतो, ती टाळावी.

धोके आणि टिकाऊपणा

सर्वांत गंभीर उपद्रव जंतुसंसर्गाचा. त्याचे प्रमाण चांगल्या रुग्णालयांत शंभरात एक-दोन इतके असते. परंतु तो झाल्यास कृत्रिम भाग काढून पुन्हा बसविण्याची वेळ येऊ शकते. जखमेतून स्राव, ताप, किंवा कमी झालेली वेदना पुन्हा वाढणे, यांपैकी काहीही आढळल्यास प्रतिजैविके स्वतःच्या मनाने न घेता शल्यविशारदाकडे जावे. पोटरी एकाएकी सुजणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे ही रक्त गोठल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी क्षणाचाही विलंब करू नये.

स्वीडनने १९७५ मध्ये गुडघ्याच्या सांधेबदलांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. पुढे इतर देशांनीही तिचे अनुकरण केले. अशा नोंदींच्या आधारे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, संपूर्ण सांधेबदलांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षे टिकतात. म्हणजेच साठी-सत्तरीतील बहुतेक रुग्णांना तो आयुष्यभर पुरतो. पन्नाशीच्या आतील रुग्णाचे गणित निराळे असते. त्याचे आयुष्य लांब व हालचाल अधिक असल्यामुळे कधी ना कधी दुसरी शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता वाढते, आणि ती पहिलीपेक्षा अवघड व खर्चिक असते.

जमिनीवरचे जीवन

शस्त्रक्रिया निर्वेधपणे पार पडूनही सुमारे पाचांतील एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो. काहींची वेदना खरोखरच उरते. पुष्कळांच्या बाबतीत मात्र असमाधानाचे कारण अपेक्षेत असते. भारतात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. कारण आपले बरेचसे जीवन जमिनीलगत चालते. पंगतीत मांडी घालून बसणे, नमाज पढताना किंवा गुरुद्वारात खाली बसणे, भाताची लावणी व निंदणी, चुलीपुढचा स्वयंपाक, उकिडवे बसण्याचे शौचकूप, या साऱ्यांना गुडघा खोलवर वाकावा लागतो. कृत्रिम सांधा बहुधा ११० ते १२० अंशांपर्यंत वाकतो. चालणे, जिना व खुर्ची यांना ते पुरेसे आहे. उकिडवे बसण्यास नाही. अधिक वाकण्यासाठी बनविलेल्या विशेष सांध्यांनीही सरासरीने फारसा फरक पडत नाही, असे तुलनात्मक अभ्यासांतून दिसते. किती वाकेल हे मुख्यतः आधी किती वाकत होते यावर अवलंबून असते.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच घरात थोडी तयारी करावी लागते : उंच बैठकीचे शौचकूप, न्हाणीघरात हाताला धरण्यासाठी दांडा, हात टेकता येतील अशी खुर्ची, आणि स्वयंपाकासाठी ओटा. ज्याचा चरितार्थ शेतातील वाकून करण्याच्या कामावर आहे, त्याच्याशी याविषयी स्पष्ट बोलणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. वेदनेपासून सुटका झाली तरी जुने काम जसेच्या तसे परत मिळेल असे त्याला सांगणे योग्य होणार नाही.

खर्च हा अनेक वर्षे मोठा अडसर होता. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषधी मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा सर्वाधिक वापरला जाणारा सांधा, जो पूर्वी सरासरी दीड लाखाहून अधिक रुपयांना मिळे, त्याची कमाल किंमत वस्तू व सेवा कर सोडून ५४,७२० रुपये ठरविण्यात आली. रुग्णालयाचा आकार, भूल, औषधे व व्यायामोपचार हा खर्च अर्थातच वेगळा असतो. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची तरतूद आहे, व तिच्या उपचारांत सांधेबदलाचाही समावेश आहे. ही शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात करून मिळेल याचे नियम राज्यपरत्वे भिन्न आहेत. म्हणून आपल्या जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात आधी चौकशी करावी.

हे सर्व विचारात घेतल्यावर रुग्णाने व त्याच्या कुटुंबाने डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न आपोआप ठरतात. माझी वेदना खरोखर गुडघ्यातूनच येते काय? शस्त्रक्रियेवाचूनचे उपाय मी पुरेसे केले आहेत काय? अर्धा सांधा बदलून भागेल काय? दोन्ही गुडघे एकदम करणे माझ्या हृदयाला सोसेल काय? आणि नंतर मी जे करू इच्छितो, त्यांपैकी काय मला करता येईल? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ऐकून जो शस्त्रक्रियेला संमती देतो, त्याच्या वाट्याला निराशा क्वचित येते. पुन्हा बाजारापर्यंत चालत जाणे, रात्री वेदनेवाचून झोप लागणे, कोणाच्या आधाराशिवाय न्हाणीघरापर्यंत पोचणे, एवढे ही शस्त्रक्रिया बहुतेकांना परत देते. आणि जे हे गमावून बसलेले असतात त्यांच्या लेखी ते थोडे नसते.